सहाशेची खूण

"काका, फॉरमॅट मारतो. तासाभराचं काम. मशीन झकास होऊन जाईल," सुबोध म्हणाला, आणि सहदेव राऊळ दोन पावलं मागे सरला.

सुबोधचं घाटकोपर स्टेशनाबाहेर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, फॉरमॅट. मशीन हळू चालतंय, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. सहदेवने खांद्यावरची पिशवी सावरली, "नको, बघतो मी," म्हणाला आणि भटवाडीच्या रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुसून टाकतो असं माणूस इतक्या सहज म्हणतो तरी कसा, याचा त्याला राग आला होता. पण राग करायलाही अंगात त्राण लागतं. दिवसभर साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि घरी बायकोपाशी थांबलेली शेजारची पार्वती घड्याळाकडे बघत बसली असणार होती.

त्या कॉम्प्युटरमध्ये वनमालाचं बोलणं होतं. वनमाला म्हणजे सहदेवची बायको. सव्वातीन वर्षांपूर्वी, गणपती आठ दिवसांवर आलेले असताना, तांदळाचा डबा उतरवायला म्हणून उठलेली बाई ओट्याशीच खाली बसली ती बसलीच. उजवी बाजू गेली. डोकं शाबूत, शब्द शाबूत, कुणाच्या लग्नात कुणी किती मानपान केला तेही शाबूत. जीभ तेवढी कुणाचं ऐकेना. तोंडातून यायचा तो नुसता आवाज, आणि त्याचा अर्थ लागेपर्यंत समोरच्याचे हाल आणि तिचे त्याहून जास्त हाल.

आणि ही बाई कोण, तर अंधेरीच्या कोर्टाबाहेर सव्वीस वर्षं मराठी टायपिंग करणारी. वकील पान चघळत मजकूर सांगायचे आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत हिचं संपलेलं असायचं. मराठी कीबोर्डवर बहुतेक मात्रा डाव्या हाताला असतात आणि अक्षरं उजव्या हाताला. उजवा हात गेला तेव्हा बाईची अक्षरंच गेली, हाताशी राहिल्या नुसत्या मात्रा. हे तिनेच पुढे टाइप करून सांगितलं होतं आणि सहदेवला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

सहदेव फिटर. वय एकसष्ट. गिअरबॉक्स उघडायचा, झिजलेला पार्ट काढायचा, नवा बसवायचा, एवढंच आयुष्यभर केलेलं. त्याच्या वस्तादाने त्याला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली होती: खूण केल्याशिवाय नट सैल करायचा नाही. दोन पार्ट जिथे जुळतात तिथे पंच ठेवायचा, हातोडीचा एक ठोका, दोन्हीकडे एक-एक टिंब. मग मशीन उघडून महिनाभर पडलं तरी परत बांधताना टिंबाला टिंब लावलं की झालं. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, डोकं विसरतं. टिंब विसरत नाही.

कॉम्प्युटर आला तो वनमालाच्याच कामातून. ज्या वकिलाकडे ती शेवटी होती त्याने ऑफिस बंद करताना मशीन तिला देऊन टाकलं. जुनं होतं, म्हणून सहदेवचा भाचा कृणाल याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं, कारण लिनक्स म्हाताऱ्या मशीनलाही हाकलत नाही. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की याच पेटीवर घर चालायचं आहे.

आजारपणानंतर पहिल्यांदा तिला कीबोर्डसमोर बसवलं तेव्हा डावा हात असा काही भरकटायचा की एका अक्षराच्या जागी सात अक्षरं. फोनवर तर विचारूच नका, काचेला बोट लागलं की भलतंच काही तरी उघडायचं. वनमाला रडली. सहदेव रडला नाही, त्याने सेटिंग शोधायला घेतलं. अपंगांसाठी म्हणून असलेल्या एका खिडकीत त्याला दोन गोष्टी सापडल्या. एक, शिफ्ट दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षरापर्यंत ते दाबलेलंच राहील अशी सोय. दुसरी जास्त मोलाची: बटण किती वेळ दाबून धरलं म्हणजे ते खरं दाबलं असं मानायचं, तो वेळ. ओझरता स्पर्श झाला तर मशीन दुर्लक्ष करतं, धरून ठेवलं तरच अक्षर उमटतं. दोनशे मिलिसेकंदांवर, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागावर, सात अक्षरांची चार झाली. चारशेवर दोन. एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघं बसली होती, आणि सहाशे मिलिसेकंदांवर तिच्या हाताखालून पहिलं साफ वाक्य निघालं: "मला भूक लागली."

त्या सहाशेचा सहदेवला फार अभिमान. घरी कुणीही आलं, गॅसवाला असो की गाववाला, की हा सांगणार, "सहाशे मिलिसेकंद! पाचशेवर नाय चालत, सातशेवर नाय चालत. मी सेट केलंय." लोक बिचारे मान डोलवायचे.

पण प्रत्येक अक्षराला सहाशे मिलिसेकंद म्हणजे एक वाक्य होईपर्यंत कुकरची शिट्टी होते. टायपिंगवाल्या बाईने त्यावर आपली तोड काढली. लिहायच्या प्रोग्राममध्ये स्पेलिंग आपोआप दुरुस्त करणारी एक यादी असते. तिने त्या यादीत आपले आखूड शब्द घातले. "चा" लिहून स्पेस दिली की उमटायचं, "चहा ठेव, साखर कमी." "पं" लिहिलं की, "पंखा एकवर कर." "पा" म्हणजे "पार्वती थांबू शकेल का विचार." असे किती होते ते सहदेवला माहीत नव्हतं. ती रोज एखादा वाढवायची. आणि एक अक्षर वाचवायचं म्हणून बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती नवऱ्याला "तू" म्हणू लागली. "तुम्ही" लिहायला सहा वेळा बोट ठेवावं लागतं, "तू"ला दोनदा. पहिल्यांदा तिने "तू जेव" लिहिलं तेव्हा तो बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिला होता.

असं सगळं बसलेलं असताना नट सैल करायची वेळ आली ती गंधाली मॅडममुळे. त्या वाचेचे व्यायाम घ्यायला दर सोमवारी यायच्या. त्यांच्या हाताखाली वनमाला "मा" आणि "पा" साफ म्हणू लागली होती, आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा "चहा"सुद्धा. मग मॅडमनी बोरिवलीला बस्तान हलवलं. भटवाडीपर्यंत येणं त्यांना जमेना. म्हणाल्या, व्हिडिओवर घेऊ, फक्त स्क्रीन मोठा हवा, वनमालाबाईंना माझे ओठ दिसले पाहिजेत. सहदेवने कॅमेरा आणला, लावला, आणि मशीनने सांगितलं की तुमचा ब्राउझर फार जुना आहे, नवा घ्या. नवा घ्यायला गेला तर मशीन म्हणालं, तुमचं लिनक्सच फार जुनं आहे. सहा सोमवार असेच गेले. सातव्या आठवड्यात वनमालाचं "चहा" पुन्हा "आ-आ" झालं.

म्हणजे मशीन नवं करायलाच हवं होतं, आणि नवं करताना तिचं एकही अक्षर जायला नको होतं. जीभ परत यायला अजून वर्षं लागणार होती. तोपर्यंत तिची वाचा त्या पेटीत होती, आणि ती गेली तर परत त्या पहिल्या महिन्यांसारखं, एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने घाबरून विचारत सुटायचं, पाणी? पाठ? उशी? सहदेवला ते दिवस नुसते आठवले तरी नको वाटायचं.

कृणाल आता पुण्याला नोकरीला होता. फोनवर म्हणाला, "मामा, तुझं व्हर्जन बाद होऊन चार वर्षं झाली. आहे त्याच्यावर अपग्रेड करत गेलास तर तीन पायऱ्या आहेत, आणि मध्येच अडकलं तर वाट लागली. त्यापेक्षा नवी डिस्क घे. जुनी काढ, बाजूला ठेव. नव्यावर नवीन लिनक्स टाक, युजरचं नाव सेम ठेव, आणि जुनीवरचं मामीचं सगळं कॉपी करून आण. जुनीला हात लावायचाच नाही."

हे सहदेवला पटलं. नवा पार्ट चालल्याशिवाय जुना भंगारात टाकायचा नाही, हे तर वर्कशॉपमध्येही होतं. त्याने सुबोधकडून डिस्क आणली, जुनी डिस्क बाहेरून जोडायची डबीही आणली. सुबोध म्हणाला, "काका, एवढा कुटाणा कशाला?" कृणालने कुरियरने पेनड्राइव्ह पाठवला. आणि सहदेवने खुणा करायला घेतल्या.

खुणा करण्यात दोन आठवडे गेले, कारण वेळ मिळायचा तो तुकड्यातुकड्यांनी. सकाळी पाचला उठायचं, पाणी भरायचं, तिला उठवून बसवायचं, अंघोळ, औषधं, नाश्ता भरवायचा. अकराला शेजारची पार्वती आली की साकीनाका. पाचपर्यंत घरी. मग स्वयंपाक, हाताचे व्यायाम, पायाचे व्यायाम, कूस बदलायला रात्री दोनदा उठणं. मुलगी नेत्रा कणकवलीला, स्वतःच्या सासूच्या दुखण्यात अडकलेली. ती फोनवर रडायची आणि उलट हाच तिची समजूत घालायचा. कधी कधी सहदेवला वाटायचं की आपल्यालाच कुणी तरी उचलून फडक्यात गुंडाळून आठ दिवस मांडणीवर ठेवून द्यावं. मग असं वाटल्याची त्याला लाज वाटायची.

तरी त्याने एकेक खिडकी उघडून फोनवर फोटो काढला. डायरीत लिहून काढलं: अक्षरांचा आकार अठ्ठावीस, माऊसचा वेग सगळ्यात कमी, शिफ्ट चिकटून राहणे चालू, बटण धरण्याचा वेळ ६००. सहाशेला दोनदा अधोरेखित केलं. वनमाला पलंगावरून बघत होती. तिने एकदा लिहिलं, "राहू दे रे." तो म्हणाला, "राहू दे काय? परत तोंड मिटून बसूचा आसा काय?" त्याचा आवाज चढला होता. तिने ती ओळ पुसून टाकली.

ठरवलेला रविवार आला. दुसऱ्या दिवशीच्या सोमवारी बाराला मॅडमची वेळ घेतलेली होती, सहदेवने अर्ध्या दिवसाची रजाही टाकली होती. सकाळी साडेनऊला त्याने मशीन बंद केलं. बंद करण्याआधी वनमालाने एकच अक्षर लिहिलं आणि स्पेस दिली. उमटलं, "सांभाळून कर." मग स्क्रीन काळा झाला आणि बाई मुकी झाली. तिच्या हाताशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. एकदा वाजवलं तर पाणी, दोनदा वाजवलं तर बाकीचं काहीही.

जुनी डिस्क त्याने काढली, तिच्यावर पांढऱ्या खडूने "वनमाला" लिहिलं आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. नवी बसवली. पेनड्राइव्ह लावला. मशीनने विचारलं ते एकेक वाचून, चष्मा कपाळावर ढकलून, पुन्हा खाली ओढून, त्याने उत्तरं दिली. युजरचं नाव तेच. साडेअकराला नवीन लिनक्स उघडलं. निळा, स्वच्छ, अनोळखी स्क्रीन. सहदेवने जुनी डिस्क डबीत घालून जोडली आणि 'होम' नावाच्या घराच्या फोल्डरमध्ये दिसलं ते सगळं उचलून आणलं: कागदपत्रं, नेत्राच्या लग्नाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, वनमालाने लिहिलेली रोजची पानं. मग डायरी उघडून एकेक सेटिंग लावलं. अठ्ठावीस. माऊस. शिफ्ट. सहाशे. ब्राउझर उघडून मॅडमची वेबसाइट बघितली. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि स्क्रीनवर त्याचा स्वतःचा चेहरा आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. हा म्हातारा कोण, असं क्षणभर त्याला वाटलं.

"झाला गो! टिंबाला टिंब!" म्हणत त्याने वनमालाला खुर्चीत आणून बसवलं, पाठीशी उशी लावली. तिने डावा हात कीबोर्डवर ठेवला. च. काना. स्पेस.

स्क्रीनवर होतं, "चा".

दोघांनी वाट बघितली. काही झालं नाही. तिने "पं" लिहिलं. "पं"च राहिलं. मग "पा". मग आणखी दोन-तीन, जे सहदेवला माहीत नव्हते. स्क्रीनवर तुटक्या अक्षरांची एक ओळ झाली, आणि वनमालाने हात मांडीवर घेतला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तिच्या घशातून तो जुना, अर्थ नसलेला आवाज आला.

सहदेव पलंगाच्या कडेवर बसला. त्याने खुणा केल्या होत्या त्या स्वतः लावलेल्या सेटिंगच्या. तिने स्वतः जे केलं होतं, दोन-अडीच वर्षं एका बोटाने, अक्षर धरून धरून, त्याचा फोटो त्याने काढलाच नव्हता. ते कुठे असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याने जोडलेला पार्ट त्याने खूण न करता सोडवला होता. नवशिक्याने केलं असतं तर त्याने कानाखाली काढली असती.

कृणालला फोन लावला तेव्हा तिकडे ताटवाट्यांचा आवाज येत होता. "मामा, जेवतोय. काय झालं?"

"सगळा गेला रे," सहदेव म्हणाला. "तुझ्या मामीचे आखूड शब्द गेले. फायली सगळ्या आल्या, मी एकन् एक आणली. शब्द नाहीत."

"जुनी डिस्क आहे ना? तिला काही केलं नाहीस ना?"

"देवाकडे होती. आता जोडली आहे. फक्त वाचली."

"मग काहीच गेलं नाही. श्वास घे. घराचं फोल्डर उघड, आणि कंट्रोल धरून एच दाब."

सहदेवने दाबलं, आणि जिथे दहा फोल्डर होते तिथे पन्नास झाले. फिकट रंगाचे, प्रत्येकाच्या नावाआधी एक टिंब.

"हे काय?"

"नावाच्या आधी टिंब दिलं की लिनक्स ते दाखवत नाही, मामा. सेटिंग सगळी तिथेच असतात. चुकून कुणी हलवू नये म्हणून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चाळीस वर्षं ज्या टिंबावर विसंबून त्याने मशीनं उघडली, तेच टिंब इथे वस्तू लपवायला वापरतात. सहदेवला यावर एखादी शिवी हासडायची होती, पण आधी शब्द परत आणायचे होते.

कृणाल जेवता जेवता सांगत गेला. आधी लिहायचा प्रोग्राम बंद कर. नवीन डिस्कवर टिंबवाल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये त्या प्रोग्रामच्या नावाचं एक फोल्डर आहे. ते काढू नको, नाव बदलून ठेव, चुकलंच तर परत येता येईल. आता जुनीवरून त्याच नावाचं फोल्डर उचलून तिथे ठेव. "आणि मामा," तो म्हणाला, "तू टिंबवालं सगळं पहिल्यांदाच आणलं असतंस ना, तर ते सहाशेबिहाशेसुद्धा आपोआप आलं असतं. डायरी लिहायची गरजच नव्हती."

"आता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे?"

फोल्डर उघडता उघडता सहदेवच्या लक्षात आलं की ती यादी आता उघडून वाचता येईल. वनमाला काय काय बोलते, काय काय बोलायचं तिने तयार ठेवलं आहे, सगळं. त्याने वाचली नाही. बायकोची ट्रंक त्याने बत्तीस वर्षांत उघडली नव्हती. फोल्डर जसंच्या तसं उचललं आणि जागेवर ठेवलं.

पुन्हा प्रोग्राम उघडला. वनमालाने च लिहिलं, काना दिला, स्पेस दिली.

"चहा ठेव, साखर कमी."

सहदेवने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. ती मात्र थांबली नाही. हिशेबी बाई, कोर्टाचा कागद देण्याआधी ओळ न् ओळ तपासायची सवय. एकेक आखूड शब्द लिहून ती बघत होती की आला का. "पंखा एकवर कर." "पार्वती थांबू शकेल का विचार." "नेत्राला फोन लाव." "पाठ दुखते, डावीकडे." "तू जेवलास का." "टीव्ही बंद कर, डोकं उठलं." "तुझ्या बहिणीला मी काही बोलले नव्हते." यावर तो डोळे पुसता पुसता हसला. पान भरत होतं, आणि तो उभ्या उभ्या वाचत होता.

मग तिने "हळ" लिहिलं. स्पेस देण्याआधी तिचं बोट जरा अडखळलं. मग तिने ती दिली.

"सहदेव, हे सहाशे आता मला फार हळू वाटतं. हात बसलाय. कमी करून बघशील का?"

हे वाक्य त्याने कधीच बघितलं नव्हतं. त्याने ते दोनदा वाचलं.

"ह्या कधी केलंस गो?"

ती लिहू लागली. एकेक अक्षर, प्रत्येकावर बोट धरून. सहदेव रोज बघत आला होता, पण आज पहिल्यांदाच त्याने अक्षराकडे न बघता बोटाकडे बघितलं. बोट बरोबर बटणावर जात होतं. थरथर नव्हती, चाचपडणं नव्हतं. बटणावर जाऊन ते नुसतं थांबत होतं, मशीनला पटेपर्यंत. अंगठी घातलेलं, सुरकुतलेलं, सव्वीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईचं बोट ताटकळत उभं होतं.

"मागच्याच्या मागच्या गणपतीत," तिने लिहिलं.

"सव्वा वर्ष? मग बोललीस का नाय?"

पुन्हा ते बोट. सहदेवला मध्ये बोलावंसं वाटत होतं, तिचं वाक्य स्वतःच पुरं करावंसं वाटत होतं, जसं तो नेहमी करायचा. आज त्याने दात आवळून धरले.

"तू दमलेला असतोस. आणि तुला त्या सहाशेचं केवढं कौतुक."

नवा गिअरबॉक्स बांधला की तो आठ-दहा दिवस चालवायचा, पार्ट एकमेकांवर घासून बसले की पुन्हा उघडून सेटिंग घ्यायचं. हे न करणाऱ्या फिटरला वर्कशॉपमध्ये दारात उभं करत नाहीत. सहदेवने अडीच वर्षांपूर्वी भरकटणाऱ्या हातासाठी एक आकडा शोधला, त्यावर खूण मारली, आणि परत कधी उघडून बघितलं नाही. उलट दोन आठवडे जिवाचा आटापिटा करून तोच आकडा नव्या मशीनवर आणून बसवला. दोनदा अधोरेखित करून. तिचं सगळं जपता जपता तिचं आजारपणही त्याने जपून ठेवलं होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली कुठे तरी खूप हलकं वाटलं, कारण हात बसला होता. बाईचा हात बसला होता आणि त्याला माहीत नव्हतं.

त्याने ती खिडकी उघडली. सहाशेचे पाचशे केले. "बघ."

तिने लिहिलं. त्याच्याकडे बघून मान हलवली, आणखी.

चारशे. आणखी. तीनशे. दोनशेवर एक अक्षर दुहेरी उमटलं, तेव्हा अडीचशेवर आले. अडीचशेवर तिने एक ओळ लिहिली आणि सहदेवला बोटांचा आवाज ऐकू आला. एका हाताचा का होईना, पण टायपिंगचा आवाज. लग्न झालं तेव्हा चाळीच्या खोलीत रात्री ती सराव करायची तसा.

"तुम्ही बसा आता," तिने लिहिलं.

"'तुम्ही' कशाला गो?"

"आता परवडतं," तिने लिहिलं.

तो हसला. "नको. तूच बरा वाटता." मग भिंतीला टेकून पलंगावर बसला, पाय सोडले. "लिही तू. काय हवा ता लिही. मी वाचतंय," म्हणाला. दुपारचा दीड वाजला होता, दोघंही जेवली नव्हती, खालच्या मजल्यावर कुणी तरी मासे तळत होतं. वनमाला लिहीत होती. ती सव्वातीन वर्षांचं एकदम सांगणार होती आणि सहदेव ऐकणार होता. त्याने तसं पक्कं ठरवलं होतं. पहिली ओळ संपायच्या आत त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून आत आली होती. त्याच्या अंगावर तिची शाल होती, अर्धी जमिनीवर. खुर्चीतून एका हाताने भिरकावली असावी. वनमालाची मान उशीवर कलली होती, डोळे मिटलेले. स्क्रीनवर पानं होती. किती ते त्याने खाली सरकवत बघितलं. नऊ. आखूड शब्दांची तयार वाक्यं कुठे दिसत नव्हती, सगळं अक्षर अक्षर लिहिलेलं होतं.

त्याने चष्मा शोधला. वर जाऊन पहिल्या ओळीपासून वाचायचं होतं, पण नजर आधी शेवटाला गेली.

"तू घोरतोयस. बरं वाटतंय ऐकायला. उद्या मॅडमसमोर मी एकटी बसते. माऊस धरता येतो मला, कधीपासून येतो. रजा घेतलीच आहेस तर तू आत जाऊन झोप. मला इतकं जपू नकोस रे, सहदेव. तू संपलास तर मी कुणाशी बोलू?"

सहदेवने चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. देव्हाऱ्याच्या फळीवर सकाळच्या खडूची पांढरी भुकटी पडलेली होती. त्याने डायरी घेतली, त्या दोनदा अधोरेखित केलेल्या सहाशेवर काट मारली आणि शेजारी अडीचशे लिहिलं. अडीचशेच्या पुढे आजची तारीख टाकली, आणि त्याखाली महिनाभरानंतरची, पुन्हा तपासायची.

मग चहा ठेवला. साखर कमी.